पिकलेलं पाणी

पुण्याच्या ट्रेनिंग कॉलेजातून बाहेर पडलो तेव्हा मी बावीस वर्षांचा होतो, आणि आता आपल्याला शिकायचं म्हणून काही उरलेलं नाही अशी माझी खात्री होती. साल १८८९. नेमणूक मिळाली ती डोंबिवली गावच्या मराठी शाळेवर, तीही कच्ची. वर्षभर काम बघू आणि मग कायम करू, अशा बोलीची. आता मी पेन्शनवर आहे. त्या बावीस वर्षांच्या प्रभाकर मास्तराबद्दल मी या गोष्टीत बरंच वाकडं बोलणार आहे. तो हक्क माझा एकट्याचा आहे, एवढं वाचणाऱ्यानं ध्यानात ठेवावं.

शाळा म्हणजे मारुतीच्या देवळामागची एक कौलारू खोली आणि पुढं ओसरी. चार इयत्ता आणि एक मास्तर. निम्मी मुलं गावातल्या ब्राह्मण-वाण्यांची, निम्मी खाडीकाठच्या आगऱ्यांची. आगऱ्यांची मुलं दिवाळीपर्यंत येत. दिवाळीनंतर मिठागरं सुरू झाली की आईबापांबरोबर तीही बांधावर जात, आणि शाळा निम्मी रिकामी होई. माझ्या आधीच्या मास्तरांनी हे मुकाट्यानं चालू दिलं होतं. मी चालू देणार नव्हतो, कारण मी कॉलेजातून आलो होतो.

चौथीत सहदेव नावाचा एक आगऱ्याचा मुलगा होता. अकरा वर्षांचा, काटकुळा, बोलायला कमी. बालबोध तर तो वाचायचाच, पण मोडीही वाचायचा, आणि हिशेबात वाण्यांच्या मुलांना मागं टाकायचा. त्या गावातल्या आगऱ्यांत चौथीपर्यंत आलेला तो पहिलाच. मार्चात परीक्षा होती. तो पास झाला तर पुढं त्याला मास्तरकीसाठीसुद्धा धाडता येईल, असे मनोरे मी रचत बसलो होतो. खरं सांगायचं तर त्यात सहदेवचं भलं जितकं होतं तितकंच माझं नाव व्हावं हेही होतं.

डिसेंबरात त्याचा बाप गुणाजी त्याला न्यायला शाळेत आला. ओसरीच्या खाली उभा राहिला, वर आला नाही.

"मास्तर, पोराला नेतो. आगर लागलाय."

"अरे गुणाजी, मार्चपर्यंत थांब. चौथीची परीक्षा होऊ दे."

"परीक्षा झाली की काय व्हईल? मीठ काय निराला निंगल?"

गुणाजी माझ्या वडिलांच्या वयाचा होता आणि मी त्याला अरे-तुरे करत होतो. तेव्हा सगळेच करत, म्हणून मला त्यात काही वावगं वाटलं नाही. मी त्याला पाऊण तास समजावलं. शेवटी तो कंटाळला असावा.

"मार्चतवर ठेवा," तो म्हणाला. "पन मुकादम आधीच कुरकुरतोय. पोरापायी माझे कामाला खोट आली, तर मंग मी ऐकनार नाय. त्याच दिशी शाला बंद."

"तुझ्या कामाला काही होणार नाही. माझा शब्द," मी म्हणालो. शब्द द्यायला मी फार तत्पर होतो.

त्या सुमारास वरून हुकूम आला होता की लहान मुलांना सृष्टीचं ज्ञान नुसतं पाठ करायला लावू नये, वस्तू समोर ठेवून द्यावं. याला पदार्थपाठ म्हणत. कल्याणच्या एका शाळेत मी असा पाठ पाहून आलो. मास्तरांनी टेबलावर लिंबू ठेवलं होतं आणि पन्नास मुलं एका सुरात ओरडत होती, "लिंबू गोल आहे! लिंबू पिवळे आहे!" लिंबाकडं एकाचंही लक्ष नव्हतं. लिंबू हिरवं होतं.

मी ठरवलं, आपल्या शाळेत असला पोरखेळ नको. मुलांना मी तीन नियम घालून दिले. दिसलं ते सांगायचं. दिसलं नाही ते नाही म्हणायचं. आणि मास्तर चुकला तर तेही बेलाशक सांगायचं. तिसरा नियम सांगताना मला स्वतःच्या मोठेपणाचं फार कौतुक वाटलं होतं. तशी वेळ येईल असं मला वाटत नव्हतं.

जानेवारीत बाष्पीभवनाचा पाठ आला. पुस्तकात एकच ओळ होती: समुद्राचे पाणी उन्हाने आटले म्हणजे खाली मीठ राहते. मी वाईकडचा माणूस. मीठ दुकानातून पुडीत बांधून येतं एवढाच माझा मिठाशी संबंध. पण ओळ सोपी होती आणि खाडी हाकेच्या अंतरावर. मी ज्यांच्या घरी जेवायचो त्या गंगुबाईंकडून एक पितळी परात मागून आणली, स्वतः खाडीवर जाऊन कळशी भरली, आणि परात ओसरीवर उन्हात ठेवली.

चार दिवस मुलांनी पाणी बोटानं मोजलं. चौथ्या दिवशी ते आटलं. खाली राहिलं ते मीठ नव्हतं. मळकट पिवळा थर होता, वर कुठंकुठं पांढरं काहीतरी चमकत होतं. मी बोटाला लावून चाटलं. कडूजहर. ब्राह्मण-वाण्यांची मुलं गंभीर चेहऱ्यानं म्हणाली, "मीठ राहिलं, मास्तर." पुस्तकात तसं होतं ना.

सहदेव गालातल्या गालात हसत होता.

"हसायला काय झालं रे?"

"काय नाय, मास्तर."

"दिसलं ते सांग."

तो उठला. "मीठ दिसला नाय. चिखल दिसला."

मला राग आला, हे लपवण्यात अर्थ नाही. पण तीन नियम माझेच होते.

"मग मीठ का नाही झालं?"

"पानी कच्चा हाय," तो म्हणाला. आणि मग जो एरवी दोन शब्दांच्या वर बोलत नसे तो मुलगा बोलतच राहिला. खाडीचं पाणी आधी एका वाफ्यात घ्यायचं, तिथं चिखल खाली बसतो. मग दुसऱ्यात वळवायचं, तिथं वाळूसारखं काहीतरी बसतं, ते मीठ नव्हे, ते खरवडून टाकायचं. असं फिरवत फिरवत पंधरा-वीस दिवसांनी पाणी पिकतं, लालसर दिसतं. तेच मिठाच्या वाफ्यात घ्यायचं. आणि सगळं आटवायचं नाही. शेवटचं पाणी कडू असतं, ते काढून टाकायचं. "तुमी समदा आटवलात, म्हनून कडू झाला."

मी पुस्तकातली ओळ पुन्हा वाचली. तिच्यात यातलं काहीही नव्हतं. ती लिहिणाराही वाईकडचाच असावा.

"मग पिकलेलं पाणी आण," मी म्हणालो. "उद्या आण, एक मडकंभर."

त्यानं माझ्याकडं पाहिलं. "आनू?"

"आण म्हटलं ना." त्यानं पुन्हा विचारलं, मी पुन्हा होय म्हटलं.

मीठ सरकारी पहाऱ्यातलं असतं, परवान्याशिवाय आगरातून चिमूटभर हलवता येत नाही, हे मला ऐकून ठाऊक होतं. पण पाणी म्हणजे मीठ नव्हे, असं माझ्या शिकलेल्या डोक्यानं ठरवलं. आगरावर राबणाऱ्या कुठल्याही पोराला कळलं असतं की पिकलेलं पाणी म्हणजे मीठच. सहदेवला कळलं होतं, म्हणून तर त्यानं दोनदा विचारलं.

दुसऱ्या दिवशी तो मडकं घेऊन आला. पाणी खरोखरच लालसर होतं. आम्ही ते घासलेल्या परातीत ओतलं. दुपारी पाण्यावर दुधाच्या सायीसारखा पातळ पापुद्रा धरला. मी हात पुढं केला तर सहदेव ओरडला, "हलवू नका!" मी हात मागं घेतला. थोड्या वेळानं पापुद्रा फुटला आणि त्याचे बारीक चौकोनी दाणे एकेक करून बुडायला लागले. पहिलीतली पोरंसुद्धा परातीभोवती पालथी पडून बघत होती. सहदेव मध्येच कुणाचं तरी डोकं बाजूला सारायचा, सावली पडते म्हणून.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी त्यानं उरलेलं पाणी हलकेच ओतून टाकलं आणि प्रत्येकाला बोट बुडवून ते कडू पाणी चाखायला लावलं. परातीत दोन मुठी शुभ्र मीठ होतं. त्या दोन दिवसांत मी एका बाजूला बसून होतो आणि शाळा सहदेवनं चालवली. मला थोडी लाज वाटली, पण आनंद फार झाला. पुढं पस्तीस वर्षं शिकवलं, तसा पाठ माझ्याकडून पुन्हा झाला नाही.

ते मीठ वाळायला परातीतच ओसरीवर ठेवलं. शाळातपासनीला डिपुटीसाहेब येतील तेव्हा त्यांना दाखवायचं होतं. पण डिपुटीसाहेबांच्या आधी उत्तम आला. उत्तम हा मिठाच्या कचेरीतला शिपाई. कमरेला पट्टा, हातात काठी. रोज देवळावरून जायचा. त्या दिवशी थांबला.

"मास्तर, हे मीठ कुठलं?"

मी त्याला बाष्पीभवन समजावून सांगायला लागलो! सूर्याची उष्णता, पाण्याची वाफ, सगळं. त्यानं शेवटपर्यंत ऐकून घेतलं, मान डोलावली, आणि मिठासकट परात उचलून चालू लागला.

उद्या सकाळी कचेरीत या, असा निरोप संध्याकाळी आला.

कचेरी खाडीच्या बांधाजवळ होती. अंमलदार गुरुदत्तराव म्हणून पन्नाशीचे गृहस्थ होते, सौम्य बोलणारे. टेबलावर गंगुबाईंची परात होती. सहदेव कोपऱ्यात उभा होता. मडकं घेऊन जाताना त्याला कुणीतरी पाहिलं होतं. दाराबाहेर गुणाजी उकिडवा बसला होता.

"मास्तर, बसा," गुरुदत्तराव म्हणाले. "पाणी कुठलं होतं?"

चालत येताना मी ठरवून आलो होतो की खरं ते सांगून टाकायचं. पण परातीशेजारी एक कोरा कागद आणि दौत-लेखणी पाहिली आणि माझी पाचावर धारण बसली. कच्ची नेमणूक. वाईला आई. सरकारी शाळेच्या मास्तरानं मुलाला सरकारी आगरावरून पाणी आणायला सांगितलं, हे त्या कागदावर कसं दिसेल ते मला दिसू लागलं.

"खाडीचं," मी म्हणालो. "मी स्वतः कळशी भरून आणलं."

"तेही कायद्यात बसत नाही. पण शाळेतला पाठ आहे, परातभर पाणी आहे, मी डोळेझाक करीन." त्यांनी परातीतला एक दाणा उचलून जिभेवर ठेवला. "फक्त एक अडचण आहे. मी तीस वर्षं मिठात आहे. खाडीच्या पाण्याचं असं मीठ परातीत पडत नाही." आणि ते कोपऱ्याकडं वळले. "बाळ, तू सांग. पाणी कुठलं?"

सहदेवनं माझ्याकडं पाहिलं. मी खिडकीबाहेर पाहू लागलो. खोटं बोल रे, एवढं एकदाच खोटं बोल, असं मी मनात म्हणत होतो. मास्तर म्हणून याहून हलकी गोष्ट मी कधी केली नाही.

"आगरातला," तो म्हणाला. "बांधाकरचे तिसरे वाफ्यातला. लाल झाला व्हता, सायी धरायचा बाकी व्हता. सकालचा आनला, आई पानी वलवीत व्हती तवा. एक मडका."

"कुणी आणलं?"

"मी."

"बापाला ठाऊक होतं?"

"नाय."

उत्तर स्वच्छ होतं. एक शब्द कमी नाही, एक जास्त नाही. हेच उत्तर त्यानं डिपुटीसाहेबांपुढं दिलं असतं तर मी छाती फुगवून फिरलो असतो.

गुरुदत्तराव सुस्कारले. "अकरा वर्षांचं पोर आपल्या मनानं पाणी आणत नाही," ते कारकुनाला म्हणाले, आणि गुणाजीला आत बोलावलं. आणायला कुणी सांगितलं, असं त्यांनी सहदेवला विचारलंच नाही, बापच असणार असं धरून चालले. मलाही विचारलं नाही. कारकुनानं ठरलेल्या मसुद्याप्रमाणं काहीतरी दोन प्रतींत खरडलं, गुणाजीनं दोन्हींवर अंगठा दिला, एक प्रत त्याला मिळाली, आणि हंगामभर त्यानं आगरावर पाय ठेवायचा नाही असं ठरलं. मी तिथंच खुर्चीवर बसून होतो. तोंड उघडलं असतं तर सगळं तिथंच थांबलं असतं. उघडलं नाही.

दुसऱ्या दिवसापासून सहदेव शाळेत आला नाही. मला कुणी विचारलंच नाही, असं मी दोन दिवस स्वतःला बजावत होतो. तिसऱ्या दिवशी गंगुबाई जेवायला वाढताना म्हणाल्या, "मास्तर, ती परात कचेरीतून आणलीत तरी आता माझ्या घरात नको. आगऱ्यांच्या पोरांनी हात लावलाय, शिवाय हिरवीगार पडली असेल." मग भात वाढत म्हणाल्या, "तो गुणाजी म्हणे घरी बसलाय. पोराकरवी पाणी चोरलंन् म्हणतात."

"चोरलं नाही," मी म्हणालो.

"मग कसं आलं?"

मी अर्ध्या ताटावरून उठलो, हात धुतला, दौत-लेखणी आणि कागद घेतले आणि खाडीकडं चालू लागलो.

दिवस अजून होता. गुणाजी खोपटापुढं जाळं दुरुस्त करत बसला होता. त्याच्या बायकोला आगरावर एकटीला ठेवलं होतं, तीही अर्ध्या कामावर. सहदेव बापाशेजारी सुताचा गुंता सोडवत होता. मला पाहून तो उठून उभा राहिला, वर्गात उठावं तसा. गुणाजी उठला नाही.

त्यानं कनवटीचा एक कागद काढला. "ह्यो पोरानं वाचून दावला," तो म्हणाला. "'मुलाकडून पाणी चोरविले, हे मला कबूल.' खाली माझा अंगठा. कारकून बोलला दंडाचा कागद हाय. त्ये बोलले दे, मी दिला. जलमभर देत आलो, पहिल्यांदा समजला काय दिला त्ये."

मी खाली बसलो. मातीतच.

"पोर खरा बोलला," गुणाजी म्हणाला. "तुमी का नाय बोललात?"

"घाबरलो," मी म्हणालो. "नोकरी कच्ची आहे."

"माझी कवा पक्की व्हती?"

मी बरोबर आणलेली दौत आणि कागद काढले. "गुणाजी, मी लिहून देतो. तुम्ही चला उद्या माझ्याबरोबर कचेरीत." मी तुम्ही म्हणालो ते त्याच्या ध्यानात आलं की नाही कोण जाणे. तो जाळंच बघत होता.

मी भरभर लिहिलं. झालं तेव्हा गुणाजीनं हात पुढं केला, कागद घेतला आणि सहदेवला दिला.

"वाच."

"माझं अक्षर आहे, मीच वाचून दाखवतो," मी म्हणालो.

"नको. पोर वाचंल."

सहदेव वाचू लागला. "'मी, प्रभाकर, शाळामास्तर, लिहून देतो की, तारीख अमुक रोजी मी स्वतः आगरावर जाऊन तिसऱ्या वाफ्यातील...'" तो थांबला.

"वाच की," गुणाजी म्हणाला.

"मास्तर, तुमी आगरान आलंच नव्हतात."

"असू दे रे. तुझं नाव त्यात यायला नको."

"पन मीच आनला."

"ठाऊक आहे मला. तुझ्या भल्यासाठीच लिहिलंय."

तो कागद हातात धरून उभा राहिला. पुढं वाचेना. एकदा स्वतःला वाचवायला मी खोटं बोललो होतो, आता त्याला वाचवायला पुन्हा खोटंच लिहीत होतो. मी कागद परत घेतला, ती ओळ खोडली आणि लिहिलं: मी मुलास पाणी आणण्यास सांगितले. मुलाने दोनदा विचारले. मी दोनदा होय म्हटले. बापास ठाऊक नव्हते.

लेखणी टेकवून ठेवली. मग पुन्हा उचलली आणि खाली आणखी एक वाक्य घातलं.

सहदेवनं सगळं पहिल्यापासून वाचलं, परीक्षेला वाचतात तशा खड्या आवाजात. शेवटचं वाक्य आलं. "'कचेरीत साहेबांपुढे मी खोटे बोललो.'" त्यानं मान वर केली नाही. "संपला," तो बापाला म्हणाला.

"आता बेस," गुणाजी म्हणाला.

दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही तिघं कचेरीत गेलो. गुरुदत्तरावांनी माझा कागद दोनदा वाचला, चष्मा काढला, पुसला.

"मास्तर, हा ठाण्याला धाडावा लागेल. तिथून तुमच्या खात्याकडं जाईल. समजतंय ना?"

"समजतंय."

तो गेला. त्याचा परिणाम म्हणून मी आणखी दोन वर्षं कच्चाच राहिलो आणि फेब्रुवारीअखेर माझी बदली मुरबाडच्या रानात झाली. सहदेवची परीक्षा दुसऱ्याच मास्तरांनी घेतली. तो पास झाल्याचं मला पत्रानं कळलं, आणि ते पत्र त्यानं स्वतः लिहिलं होतं. पण हे पुढचं.

त्या सकाळी गुरुदत्तरावांनी कारकुनाला नवा मसुदा सांगितला. गुणाजीवरची बंदी उठली, मुलाला समज दिली, मागचा कागद रद्द. कारकुनानं वळणदार मोडीत लिहून काढलं, वाळू टाकली, झटकली, आणि शाईची बशी पुढं सरकवली.

"हं, गुणाजी. अंगठा."

गुणाजीनं दोन्ही हात पाठीमागं घेतले. घाबरला होता. या कचेरीत त्यानं आजवर नाही म्हटलेलं नव्हतं.

"पोर वाचंल," तो म्हणाला. "मंग देतो."

"अरे, सुटकेचा कागद आहे!" कारकून चिडला. "तुझ्याच फायद्याचा. दे अंगठा आणि जा कामाला."

"मागलाबी तुमी दंडाचाच बोलला व्हतात."

उत्तम शिपाई दारातून काठी आपटत पुढं आला. गुरुदत्तरावांनी त्याला हातानं थांबवलं. मग कागद उचलून त्यांनी सहदेवपुढं धरला.

सहदेव वाचू लागला. कारकुनाची मोडी लपेटदार होती, शाळेतल्या कित्त्यासारखी नव्हती. चौथ्या ओळीत तो अडला. मला ते अक्षर दिसत होतं, सांगता आलं असतं, पण मी गप्प बसलो. त्यानं बोट ठेवून सरळ कारकुनाला विचारलं, "ह्यो काय लिवलाय?"

"मुभा," कारकून तोंड वाकडं करून म्हणाला.

"म्हंजे?"

"म्हणजे काम करायला मोकळीक. पुढं वाच."

तो पुढं वाचत गेला, तारखेपर्यंत, खालच्या सहीपर्यंत. मग त्यानं कागद उलटून पाठीमागंही पाहिलं. तिथं काही नव्हतं.

"समदा वाचलास?" गुणाजीनं विचारलं.

"समदा."

"चोर लिवलाय कुठं?"

"नाय."

गुणाजीनं अंगठा शाईत बुडवला आणि कागदावर दाबला, हळू, नीट, सगळा उमटेपर्यंत. उरलेली शाई त्यानं केसांना पुसली आणि माझ्याकडं वळला.

"मास्तर, ह्याला आजच शालेन न्या," तो म्हणाला. "आगराचा मी बघतो."